टाके काढल्यानंतरचं काम



अध्यक्षानं शस्त्रक्रियेतल्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. ती प्रगती बाहेरच्या स्टॉलवर मांडलेली आहेच, आणि तिथला चहाही इथल्यापेक्षा बरा आहे. मी बोलणार आहे ते टाके काढल्यानंतरच्या कामाविषयी.

आपल्या ओपीडीत गुडघ्यांची गर्दी. मधुमेहाचे रुग्ण आखडलेला खांदा घेऊन येतात, युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट नाचवत गाउट नसलेलेही येतात. ही सगळी मंडळी दुखतंय म्हणून येतात. ऑस्टिओपोरोसिसचं तसं नाही. हाड आतून विरळ होत जातं, त्याची कुणाला खबर नसते, आणि पहिली तक्रार येते ती मोडल्यावरच.

ही पहिली तक्रार बहुधा मनगटाची. साठीच्या आतबाहेरच्या बाई अंगणात घसरतात, हात टेकतात, मनगट मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ साली केलं. एक्स-रे यायला तेव्हा ऐंशी वर्षं अवकाश होता. त्यांच्याजवळ होती ती बोटं आणि डोळे. आपण प्लास्टर घालतो, सहा आठवड्यांनी काढतो, व्यायाम दाखवतो आणि बाईंना निरोप देतो. उभ्या उभ्या पडलं म्हणून धडधाकट हाड सहसा मोडत नाही, मग हे का मोडलं, एवढं विचारायचं तेवढं राहून जातं.

दहा-पंधरा वर्षांनी त्याच बाई स्ट्रेचरवरून येतात. मधल्या काळात मणके दबून पाठीला पोक आलेलं असतं, ते घरच्यांनी वयाच्या खात्यावर टाकलेलं. ‘न्हाणीत पाय सरकला हो,’ एवढंच सांगतात. पाय आखूड, बाहेर वळलेला. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपण रॉड उत्तम बसवतो, यात वाद नाही. पण डिस्चार्ज कार्डावर काय लिहितो? प्रतिजैविक, वेदनाशामक, आणि ‘कॅल्शियम, रोज एक’. नुसतं कॅल्शियम म्हणजे उपचार नव्हे, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे.

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनेट सुरू करून वर्षातून एकदा दिलं, तर नवी फ्रॅक्चर्स ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, हा मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. पाच मिलिग्रॅम, शिरेतून, किमान पंधरा मिनिटं. आधी मूत्रपिंडं तपासायची, ड जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची कमतरता भरून काढायची, आणि दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते हे घरच्यांना सांगून ठेवायचं. नाहीतर पुढच्या वर्षी ते फिरकत नाहीत. सुई नको असेल तर आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आहे. उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वार नेमून द्यावा. उपवासाचे वार पाळणाऱ्या घरात गोळीचाही वार पाळला जातो.

‘आमच्या तालुक्याला हाडांची घनता मोजायला डेक्सा मशीन नाही,’ ही सबब मला मान्य नाही. उणे अडीचचा टी-स्कोअर खुबा न मोडलेल्यांसाठी महत्त्वाचा. वृद्धेचा खुबा साध्या पडण्यानं मोडला आणि एक्स-रेत गाठीबिठीची शंका नसली, की निदान झालंच.

खरी अडचण वेगळी आहे. आपण म्हणतो, औषधं फिजिशियननं द्यावीत. फिजिशियन म्हणतात, हाडं तुमची. ग्लासगोत यावर तोडगा निघाला: फ्रॅक्चर होऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची नोंद ठेवून हाडांची तपासणी आणि उपचार सुरू करून देणारी नर्स. या तोडग्याचा गाभा यंत्र किंवा इमारत नव्हे, ती नर्स आहे. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत वेगळी नर्स परवडणार नाही. पण ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरकडे एक वही देता येईल.

म्हणून डिस्चार्ज कार्डात दोन ओळी वाढवाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे: ‘हाडांसाठी कोणतं औषध सुरू केलं’ आणि ‘पुढचा डोस कधी’. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. भूलतज्ज्ञांच्या सत्रानंतर त्यावर चर्चा आहे. ज्यांना तो पटणार नाही, त्यांनी आवर्जून यावं.