वाफेच्या इंजिनांचा पुनर्जन्म



अमेरिकेच्या रेल्वे-इतिहासातील एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. दिनांक १० मे १८६९. यूटामधील प्रोमंटरी समिट या उजाड माळावर दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत. पूर्वेकडून आलेले युनियन पॅसिफिक कंपनीचे ‘११९’ आणि पश्चिमेकडून आलेले सेंट्रल पॅसिफिकचे ‘ज्युपिटर’. खंडाची दोन टोके त्या दिवशी रुळांनी जोडली गेली. सिएरा नेवाडाचे खडक ज्या हजारो चिनी मजुरांनी फोडले, त्यांचे चेहरे मात्र त्या गर्दीत शोधावे लागतात.

एवढा मान मिळालेल्या या दोन इंजिनांचे पुढे काय झाले? विसाव्या शतकाच्या प्रारंभीच दोन्ही भंगारात गेली. आज प्रोमंटरीला जी इंजिने धूर सोडीत धावतात, ती १९७९ साली घडविलेल्या प्रतिकृती होत. मूळ आराखडे हाती नसल्याने अभियंत्यांनी जुन्या छायाचित्रांवरून मापे काढली आणि नवे आराखडे तयार केले. तरी एक गोष्ट निसटलीच. कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाही. ‘ज्युपिटर’ला आधी तांबडा रंग दिला गेला. पुढे १८६९ मधील वृत्तपत्रातले वर्णन संशोधकांच्या हाती लागले आणि इंजिन निळे झाले. ज्यांच्या घरी जुने छायाचित्रसंग्रह आहेत, त्यांनी आजी-आजोबांना साड्यांचे, भिंतींचे रंग वेळीच विचारून ठेवावेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेल इंजिने आली आणि वाफेचा काळ संपला. कारण सरळ होते. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागे, राख काढावी लागे, बॉयलर वरचेवर धुवावा लागे. प्रत्येक इंजिनामागे माणसांचा ताफा असे. डिझेलला यांतील फारसे काही लागत नव्हते. हिशेबाच्या वहीत वाफ हरली, आणि तो हिशेब चुकीचाही नव्हता. चुकले ते एवढेच, की वितळविण्यापूर्वी नमुन्यादाखल एखादे ठेवावे, हेही अनेक ठिकाणी कोणाला सुचले नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या देखण्या ‘टी-१’ वर्गाची ५२ इंजिने होती. आज एकही नाही. आता काही रेल्वेप्रेमी देणग्या जमवून, जुन्या आराखड्यांवरून एक इंजिन नव्याने बांधू पाहत आहेत.

‘बिग बॉय’चे नशीब अधिक चांगले ठरले. युनियन पॅसिफिकला वासॅच पर्वताच्या चढणीवर प्रत्येक मालगाडीला जादा इंजिन जोडावे लागे. त्यावर उपाय म्हणून न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील अल्को कारखान्याने १९४१ आणि १९४४ मध्ये मिळून २५ महाकाय इंजिने बांधली. पाण्याकोळशाच्या टेंडरसह लांबी सुमारे १३२ फूट, वजन ५०० टनांहून अधिक, हाकणारी चाके सोळा. एवढे लांब धूड वळणावर अडकू नये म्हणून चाकांचे दोन संच केलेले आणि पुढचा संच बिजागरीसारखा वळणारा. या वर्गाचे नाव कंपनीने ठेवले नव्हते. कारखान्यातील एका कामगाराने इंजिनाच्या तोंडावर खडूने ‘बिग बॉय’ असे खरडले, तेच टिकले. त्या कामगाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१९५९ मध्ये ही इंजिने गाड्या ओढायची थांबली. २५ पैकी आठ उरली. त्यांतील ‘४०१४’ कॅलिफोर्नियातील पोमोना येथे पन्नास वर्षे उघड्यावर उभे होते. तेथील कोरड्या हवेने आणि स्वयंसेवकांनी केलेल्या निगराणीने ते शाबूत राहिले. २०१३ मध्ये कंपनीने ते परत घेतले. वाहनतळावर तात्पुरते रूळ टाकून त्याला मुख्य मार्गावर आणले गेले आणि २०१४ मध्ये ते वायोमिंगमधील शायेनच्या कार्यशाळेत पोहोचले. सगळे सुटे केले, झिजलेले भाग नवे घडविले, कोळशाची भट्टी तेलावर चालणारी केली. मे २०१९ मध्ये, प्रोमंटरीच्या दीडशेव्या वर्षी, ते स्वतःच्या वाफेवर ऑग्डेनला आले तेव्हा लोक रुळांच्या दुतर्फा उभे होते.

इतके भाग बदलल्यावर, इंधनही बदलल्यावर, इंजिन जुने राहिले का, असा प्रश्न जाणकार विचारतात. संग्रहालयात निश्चल उभे असलेले इंजिन अधिक अस्सल असते, हे मान्य करावे लागेल. परंतु भट्टी पेटविणे, पाण्याची पातळी नजरेत ठेवणे, वाफेचा आवाज ओळखणे ही विद्या निश्चल इंजिनापाशी शिकता येत नाही. ती विसरली तर काय होते, हे १९९५ साली पेनसिल्व्हेनियातील एका पर्यटक-गाडीवर दिसले. बॉयलरमधील पाणी कमी झाले, भट्टीचे छत फाटले आणि तिघे कर्मचारी भाजले. त्यानंतर नियम नव्याने लिहिले गेले. आता १,४७२ सेवादिवसांनी किंवा पंधरा वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बॉयलरची संपूर्ण तपासणी अनिवार्य आहे. खर्चाचा मोठा वाटा येथेच जातो आणि अनेक संस्थांची इंजिने याच तारखेला थंड होतात.

या कथेचा एक धागा भारतातही आहे. १९४७ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने भारतासाठी ‘डब्ल्यूपी’ वर्गाची पहिली सोळा इंजिने बांधली. निमुळत्या नाकाच्या या इंजिनांनी पुढे कित्येक वर्षे आपल्या मेल गाड्या ओढल्या. बाल्डविनने १९५६ मध्ये इंजिने बांधणे थांबविले. त्या सोळांपैकी ७२०० क्रमांकाचे ‘आझाद’ हरियाणातील रेवाडीच्या लोकोशेडमध्ये जतन केलेले आहे. त्याच शेडमध्ये बाल्डविननेच १९४३ मध्ये बांधलेले ‘विराट’ही आहे.