वर्गणीची मॅरेथॉन



बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, क्रमांक एकोणिसावा. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली होती. ही पोरं जगात का धावू नयेत, असं त्यांना वाटलं आणि पथकाच्या खर्चाला त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला. आपली ऑलिम्पिकमधली पहिली मॅरेथॉन अशी देणगीच्या आधारावर धावली गेली. आता गंगा उलटी वाहते. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा पळतो आणि त्याच्या नावावर शाळेला, दवाखान्याला, अनाथाश्रमाला पैसा मिळतो.

वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्रा बागायतदारानं अशी पहिली मॅरेथॉन मनावर घेतली, तर त्याचा पहिला गैरसमज असतो तो स्वतःच्या अंगमेहनतीबद्दल. दिवसभर बगीच्यात राबतो, त्याला पळणं काय जड? दम टिकतोही. पण ४२.१९५ किलोमीटर म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास पावलं, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. छाती दोन महिन्यांत तयार होते. टाचेमागची शीर आणि गुडघ्याचे बंध मात्र सावकाश जुळवून घेतात. दुखणं येतं ते या तफावतीतून. म्हणून दहा किलोमीटर सहज पळणाऱ्यालाही पुढे निदान पाच महिने हवेत. जानेवारीची मॅरेथॉन असेल तर पोळ्याच्या आधीच सुरुवात व्हावी. चाळिशी ओलांडलेल्यानं, रक्तदाब किंवा साखर असलेल्यानं त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. इथे लाजायचं काम नाही.

आठवड्यात चार दिवस पुरेत. वेग किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं इतकाच. एक वाक्य बोलताना दोनदा श्वास तुटला, तर वेग जास्त झाला. सतत डांबरावर पळण्यापेक्षा अधूनमधून पांदणीची माती पायांना बरी, पण पावसात काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय शेरभर जड होतो, तेव्हा निमूट सडक धरावी. रविवारी लांब पल्ला: बारा, चौदा, सोळा असं चढत तीसपर्यंत, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी माघार. शेवटची लांब धाव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत जायचं.

इथेच नवखा बिचकतो. केलेली मेहनत वाया जाईल म्हणून शेवटच्या आठवड्यातही पंचवीस किलोमीटर मारून येतो. खरं तर संत्र्याच्या माणसाला हे सांगायला नको. आंबिया बहारासाठी त्याच दिवसांत बगीचा ताणावर सोडलेला असतो. पाणी तोडलं म्हणून झाड हातचं जात नाही, पुढे फुलतं.

खाण्याचं थोडं कडू वाटेल. स्नायूत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. मग पाय एकदम शिशाचे होतात. ते टाळायला पळताना तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. आपल्या लाडक्या संत्र्यात साखर जेमतेम दहा-बारा ग्रॅम! केळ्यात कर्बोदकं त्याहून बरीच जास्त. तेव्हा अभिमान बाजूला ठेवून केळं, खजूर, गूळ यांचा सराव रविवारच्या धावेतच करावा. आदल्या रात्री ठेचा-भाकरी नको, वरणभात बरा. कारण विचारू नये, पहाटे कळतं.

पाण्याचं दुहेरी आहे. वऱ्हाडातली जानेवारीची पहाट कोरडी आणि गार. मुंबईत हवा दमट, घाम वाळत नाही. म्हणून लोक घटाघटा पाणी पितात. बोस्टनच्या २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम असायला हवं त्याच्या खाली उतरलेलं आढळलं, मुख्यतः पाणी जास्त झाल्यानं. तहान लागेल तितकंच प्यावं, मधूनमधून मीठ-साखर-लिंबू. मांड्यांच्या आत आणि काखेत खोबरेल तेल चोळावं. बूट पायापेक्षा अंगठाभर मोठे घ्यावेत, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.

आता वर्गणी. मागण्याची वेळ साधावी: संत्रा विकला गेला, व्यापाऱ्याचा चुकारा हातात आला, की माणूस मोकळ्या मनानं देतो. पैसे धावणाऱ्यानं स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत. थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती देणगीदाराच्या नावानं फाटावी. संस्थेकडे ८०-जी नोंदणी आहे का, ते आधी पाहावं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला मुळीच नाही. प्रवासाचा खर्च वर्गणीतून काढू नये. गाव लहान आहे, हिशेब सगळ्यांना पाठ असतो.

एक गोष्ट मात्र पैसे मागतानाच सांगून टाकावी: देणगी संस्थेला आहे, शेवटच्या रेषेला नाही. कारण वर्गणीवर धावणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका लाजेचा. लोकांनी पैसे दिलेत, आता थांबू कसा, म्हणून तो छातीतली कळ आणि गुडघ्याची सूज दाबत पळतो. अँटवर्पला चौगुलेंबरोबर सदाशिव दातारही मॅरेथॉनला उतरले होते. ते शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. तरी भारताच्या त्या पथकात त्यांचं नाव आहेच. छातीत दुखलं, चक्कर आली, दिशा कळेनाशी झाली, की रस्त्याकडेच्या वैद्यकीय पथकाकडे वळावं आणि नंबर काढून द्यावा.

धाव पुरी झाली तर लगेच बसू नये, पंधरा मिनिटं चालावं. मुंबईची मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून सुटते आणि संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेसही तिथूनच. तिचं परतीचं तिकीट काढताना बर्थ खालचाच मागावा. वर चढणं जमेल एक वेळ; बडनेऱ्याला पहाटे उतरणं जमत नाही.