पडदा नव्हे, अर्थ



संगणकाच्या पडद्यावर महिन्याचे पान उघडले आहे असे समजा. डोळस माणूस तारखेच्या डोक्यावरचा वार एका नजरेत टिपतो. पण पडद्यावरची अक्षरे नुसती वाचणारे यंत्र अंधाला काय ऐकवते? एक, दोन, तीन, चार! आकडे कानी पडतात; वार कळत नाही.

हे कोडे सोडवणारे टी. व्ही. रामन पुण्यातच वाढले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. तरी ते गणित शिकले आणि मुंबईच्या आय. आय. टी.तून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅक्सपीक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ती तारखेबरोबर वार, महिना, साल सांगते. निरनिराळ्या प्रकारचा मजकूर निरनिराळ्या आवाजांत बोलते. ती पडदा वाचत नाही, अर्थ सांगते.

आता आपल्याकडे वळू. बँकेचे व्यवहार संगणकावर आले. तिथे चित्राच्या बटणाला नाव दिलेले नसले, तर यंत्र ‘बटण’ एवढेच म्हणते. मग त्या गृहस्थाला स्वतःच्याच पैशांसाठी आपले गुपित दुसऱ्यापुढे उघडे करावे लागते. हा दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हे, नाव न देणाऱ्याचा आहे. त्याला आपली दया नको. ते नाव तेवढे द्या.