घरची प्रार्थना आणि शेजारचें दार

(सुवर्ण ज्युबिलीच्या आदल्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या सभेपुढें प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



उद्यां सकाळीं आपल्या धर्मग्रामाची सुवर्ण ज्युबिली आहे. मंदिरावर दिवे चढले आहेत, वेदीला नवा रंग मिळाला आहे, गायकवृंदाचा सराव तीन आठवडे रात्रीं दहापर्यंत चालला आहे. आणि मांडवाचें कापड कोणत्या रंगाचें असावें यावर आपल्या समितींत जो वाद झाला, तेवढा निकेआच्या परिषदेंत तरी झाला असेल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. या सर्व श्रमांबद्दल आम्ही तुमचे मनःपूर्वक ऋणी आहों. परंतु दिवे लागण्यापूर्वीं चार शब्द बोलण्याची परवानगी आम्हीं समितीकडून मागून घेतली आहे. विषय नवा नाहीं. रविवारीं या मंदिरांत आपण जी प्रार्थना करतों ती सोमवारीं कोठें जाते, एवढाच तो विषय आहे.

आपल्यामध्यें दोन प्रकारचीं सज्जन माणसें आहेत. एक म्हणतात, "फादर, आमचें काम हीच आमची प्रार्थना." पहाटेच्या पहिल्या गाडीनें फुलांची टोपली घेऊन दादरला जाणारी स्त्री असें म्हणाली, तर तिच्यापुढें आम्ही मान लववूं. परंतु हेंच वाक्य सायंकाळभर दूरदर्शनसंचापुढें पाय पसरून बसणाऱ्या गृहस्थाच्या तोंडीं ऐकलें कीं आम्हांस थोडें हंसूं येतें. काम हें प्रार्थना होऊं शकतें, पण तें आपोआप होत नाहीं. जो कधीं गुडघे टेकीत नाहीं त्याचें काम बहुधा कामच राहतें. दुसऱ्या प्रकारचे सज्जन नोव्हेना चुकवीत नाहींत, पहिला शुक्रवार मोडीत नाहींत, वेलंकनीची यात्राहि करून येतात. आणि बांधावरच्या हातभर जमिनीसाठीं सख्ख्या भावाशीं बारा बारा वर्षें बोललेले नसतात. दोघांनींहि एकाच वस्त्राचे दोन तुकडे करून एकेक अंगावर घेतला आहे, आणि दोघेहि थंडीनें कुडकुडत आहेत.

संत लूक याच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घरीं गेल्यावर काढून पाहा. तेथें प्रथम शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आहे, आणि तो संपतांच बेथानी गांवांतील मार्था व मरिया या बहिणींची कथा आहे. पहिल्यांत, जखमी माणसाजवळ जो थांबला त्याची प्रभु वाखाणणी करितो. दुसरींत, हातचें काम टाकून जी त्याच्या चरणांशीं बसली तिची करितो. ज्याला एकच गोष्ट वाचावयाची असेल त्यानें तो अध्याय उघडूंच नये. मार्थेला जो सौम्य बोल लागला तो स्वयंपाक केल्याबद्दल नव्हे, असें आमचें मत आहे. घरोघरच्या मार्थांनीं चूल पेटविली नाहीं तर मरियांचें ध्यान दोन प्रहरांपलीकडे टिकणार नाहीं. तिची चूक ही कीं, ती मनाची तगमग करून घेऊन आणि बहिणीकडे डोळे वटारून काम करूं लागली. त्या दृष्टान्तांत आणखी एक गोष्ट आहे. जखमी माणसाला पाहून बाजूनें निघून जाणारा पहिला इसम याजक होता, आणि तो यरुशलेमकडून, म्हणजे मंदिराच्या दिशेनें येत होता. या याजकाकडे आम्हांस पुन्हा यावयाचें आहे.

तत्पूर्वीं आपल्या पूर्वजांविषयीं थोडेंसें. इ.स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज धर्मगुरू येथून निघून गेले. मोठमोठीं मंदिरें ओस पडलीं. किल्ल्यांतील त्यांच्या उघड्या भिंती आपण आजहि पाहतों. श्रद्धा मात्र ओस पडली नाहीं. ती टिकविण्यांत जे थोडे पुरोहित येथें राहिले त्यांचा वांटा आहेच. पण त्याहून मोठा वांटा दिवेलागणीला पोरांना ओटीवर बसवून जपमाळ म्हणविणाऱ्या आजींचा असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. ती जपमाळ आज कित्येक घरांतून उठली आहे. कोणी मुंबईहून रात्रीं नऊला येतो, कोणाची शिकवणी असते, प्रत्येकाच्या हातांत मोबाईल असतो. आम्ही रागें भरत नाहीं. गाड्यांची गर्दी आम्हांसहि ठाऊक आहे. पांच दशकें होत नसतील तर एक म्हणा, पण तें एकत्र बसून म्हणा.

आतां आपल्या वसईच्या संताकडे वळूं. संत गोन्सालो गार्सिया यांचें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहे. अंगांत फ्रान्सिस्कन झगा पाहून अनेकांची समजूत होते कीं ते पुरोहित होते. ते पुरोहित नव्हते. वडील पोर्तुगीज सैनिक, आई याच भूमीची. येथें येशूसंघीयांपाशीं ते शिकले, कोवळ्या वयांत त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षें घालविलीं. त्या संघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. तेव्हां ते व्यापाराला लागले आणि त्यांत त्यांचा जमहि बसला. एखाद्याची कथा येथेंच संपली असती; मन दुखावलेला आणि खिसा भरलेला माणूस मंदिराची पायरी सहसा पुन्हा चढत नाहीं. पण गोन्सालो मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत सामान्य बंधु म्हणून दाखल झाले, आणि इ.स. १५९३ मध्यें पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंचे दुभाषी होऊन पुन्हा जपानला गेले.

दुभाष्याचें काम मोठें विलक्षण असतें. जीभ आपली, बोल दुसऱ्याचे. मानमरातब बोलणाऱ्याला मिळतो आणि चूक झाली तर ठपका दुभाष्यावर येतो. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढें उभें राहून गोन्सालोंनीं हें काम केलें. क्योतो येथें त्या बंधूंनीं मठ उभारला, मंदिर उभारलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं. वेदी एकीकडे आणि महारोग्याचें अंथरूण दुसरीकडे, अशी विभागणी त्यांनीं केली नाहीं. पुढें छळ सुरू झाला. क्योतो येथें त्यांच्या कानाचा भाग कापण्यांत आला, त्यांना भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें, आणि इ.स. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस सव्वीस जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांपैकीं सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते. उरलेले सतरा साधे जपानी ख्रिस्ती होते. त्यांत सुतार होता, तलवारी घडविणारा होता, बारा वर्षांचा एक मुलगा होता. इ.स. १८६२ मध्यें ख्रिस्तसभेनें त्या सर्वांस संतपद दिलें.

आपण त्यांच्या सणाला त्या एका दिवसाचें स्मरण करतों, आणि तें योग्यच आहे. पण आम्हांस त्यापूर्वींचे दिवस अधिक विचारांत पाडतात. भाल्यापुढें उभें राहण्याचें बळ त्या सकाळीं एकाएकीं आलें नसेल. दुसऱ्याचा निरोप नीट पोंचवावा, ज्याला कोणी शिवत नाहीं त्याच्याजवळ बसावें, आणि रात्रीं थकल्या अंगानें प्रार्थनेस उभें राहावें, असे पुष्कळ दिवस त्याच्या मागें उभे होते. अशीच एक गोष्ट लिझियेच्या संत तेरेजेची आहे. इ.स. १८९७ मध्यें चोविसाव्या वर्षीं ती निवर्तली. मठाबाहेर पडून तिनें कोठें धर्मप्रसार केला नाहीं. तिच्या आत्मचरित्रांत एका आजारी, चिडखोर वृद्ध भगिनीची हकीकत आहे. तिला हात धरून जेवणघरांत नेण्याचें काम तेरेजेनें आपण होऊन पत्करलें होतें. चाल जलद झाली तरी ती भगिनी बोले, मंद झाली तरी बोले. तिला आपली भाकरी तोडतां येत नाहीं हें तेरेजेनें एके दिवशीं हेरलें, आणि त्या दिवसापासून बाहेर पडण्यापूर्वीं ती तिची भाकरी तोडून देऊं लागली. याच तेरेजेला इ.स. १९२७ मध्यें ख्रिस्तसभेनें सर्व मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविलें.

आतां त्या याजकाकडे येतों. इतका वेळ आम्हीं हा विषय लांबविला, त्याचें कारण तुमच्या ध्यानांत आलें असेल.

गेल्या वर्षीं आगमनकाळांत ज्युबिलीच्या दिव्यांच्या कंत्राटाची सभा या दालनांत भरली होती. अध्यक्षस्थानीं आम्ही होतों. साडेसातच्या सुमारास एक मुलगा दाराशीं आला आणि म्हणाला, "फादर, आजोबांना बरें वाटत नाहीं, त्यांनीं तुम्हांला बोलावलें आहे." आजोबा दोन वर्षें अंथरुणावर होते आणि असें बोलावणें पूर्वींहि आलें होतें. आम्हीं म्हटलें, "सभा आटोपतांच येतों." सभा साडेदहाला आटोपली. रात्र झाली, आतां घरच्यांस उठविणें बरें नव्हे, असें आम्हीं स्वतःलाच समजाविलें, आणि सकाळच्या मिस्सेनंतर तैलाभ्यंगाचें पात्र घेऊन गेलों. आजोबा रात्रीं दोनच्या सुमारास देवाघरीं गेले होते. त्यांच्या पत्नीनें आम्हांस खुर्ची दिली, चहा केला, आणि विचारलें, "फादर, सभा नीट पार पडली ना?" तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हांस तो सोसला असता.

ते एकटे गेले नाहींत. शेजारची एक फूलवाली गेलीं दोन वर्षें रोज सायंकाळीं दादरहून परतली कीं आपल्या घरीं जाण्यापूर्वीं त्यांच्याकडे जात असे. त्यांना कुशीवर वळवी, पाठ पुसून पूड लावी, चमच्यानें पाणी पाजी, आणि मग खाटेजवळ बसून जपमाळेचें एक दशक म्हणे. त्या रात्रीं ती उठून गेली नाहीं. मरणोन्मुख माणसासाठीं म्हणावयाच्या प्रार्थना तिला पाठ नव्हत्या. म्हणून येत होतें तेवढें, म्हणजे "आमच्या बापा" आणि "नमो मरिया", ती दोन वाजेपर्यंत म्हणत राहिली. पहाटे पहिल्या गाडीनें ती पुन्हा दादरला गेली. ज्युबिलीच्या देणगीदारांच्या यादींत तिचें नांव नाहीं. तिची कोठें नोंद करावी असें आम्हीं विचारतांच तिनें हात जोडून नको म्हटलें. म्हणून येथेंहि तिचें नांव आम्ही घेत नाहीं.

संत विन्सेंट द पॉल आपल्या भगिनींना शिकवीत कीं, प्रार्थनेच्या वेळीं गरीब रोग्याची हांक आली तर निःशंक उठून जावें. त्यानें देव अंतरत नाहीं. सेमिनरींत आम्ही हें शिकलों आणि परीक्षेंत त्यावर चांगले गुणहि मिळविले. आणि आमच्या हातून सुटूं नये म्हणून आम्ही जिला धरून बसलों ती प्रार्थनाहि नव्हती. ती दिव्यांच्या कंत्राटाची सभा होती. त्या कुटुंबाची क्षमा आम्हीं मागितली आहे आणि त्यांनीं ती केली आहे. तुमच्यापुढें हें सांगावयाचें राहिलें होतें.

त्यानंतर आम्ही आळीआळीनें हिंडलों. अंथरुणाला खिळलेलीं अकरा माणसें या धर्मग्रामांत आहेत. त्यांपैकीं सहा जणांचीं मुलें आखातांत, कॅनडांत किंवा इस्रायलांत आहेत. मुलें वाईट नाहींत. पैसे पाठवितात, मोबाईलवर आईचें तोंड पाहतात. पण मोबाईलवरून पाठ चोळतां येत नाहीं.

इ.स. १८३३ मध्यें पॅरिस शहरांत, तुमचा धर्म आज करतो तरी काय, असा टोमणा कांहीं ख्रिस्ती विद्यार्थ्यांना खावा लागला. फ्रेडरिक ओझानाम हा त्यांच्यांतला एक, वय वीस. त्यांनीं उत्तरादाखल व्याख्यान दिलें नाहीं. गरिबांच्या घरीं जाऊं लागले. त्यांतूनच संत विन्सेंट द पॉल सोसायटी निघाली, आणि तिच्यांत दोघांनीं मिळून जाण्याची जुनी रीत आहे. तीच आपण उचलावी असें आम्हांस वाटतें. आठवड्यांतून एकदां, दोघांनीं जावें. दारांतूनच चौकशी करून परतूं नये, बसावें. प्रथम पाणी हवें का तें विचारावें. नखें वाढलीं असतील तर कापावीं. कूस बदलावयाची असेल तर घरच्या बाईस हात द्यावा, कारण एकाच कुशीवर पडून राहिलेल्यास जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहींत. आजाऱ्याला जें सांगावयाचें असेल तें, दहाव्यांदा सांगत असला तरी, ऐकून घ्यावें. मग प्रार्थना करावी, आणि ती लहान असावी. लांब प्रार्थनेची खोड आम्हां पुरोहितांना आहे, ती आमच्याकडेच राहूं द्या. आणि प्रकृति बिघडतांना दिसली तर आम्हांस बोलवावें. सभा चालू असली तर आंत येऊन बोलवावें.

वेदीमागच्या खोलीच्या दाराशीं एक वही ठेविली आहे. तींत अकरा घरें लिहिलीं आहेत आणि प्रत्येकापुढें दोन जागा मोकळ्या आहेत. पहिल्या घरापुढें एका जागीं आम्हीं स्वतःचें नांव घातलें आहे. तें घर विहिरीजवळचें, ज्या आजींना दिसत नाहीं त्यांचें. उद्यां ज्युबिलीची मिस्सा झाल्यावर, जेवणाच्या पंगती बसण्यापूर्वीं, आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन तेथें जाणार आहों. दुसरी जागा अजून रिकामी आहे. ज्याला यावयाचें असेल त्यानें त्या दाराशीं थांबावें.