विकलेला माल, गमावलेला ग्राहक



गेल्या वर्षी मी घेतलेला संगणक तिसऱ्याच दिवशी बंद पडला. दुकानदाराने पावतीच्या तळाशी बोट ठेवले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

सदोष मालाच्या बाबतीत ही ओळ निरर्थक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार असा माल पावतीवरील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

मी ती मागितली नाही. केवळ त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. शाळेचे पुढील पाच संगणक आम्ही दुसरीकडून घेतले. त्याचे ग्राहक गेले, माझे पैसे गेले. ती ओळ मात्र तशीच राहिली. म्हणून विनंती एवढीच : पावती जपा, तक्रार लेखी करा.