कोकणातली ग्रामपंचायत आणि आपली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे माहेर गुहागर तालुक्यातले आणि सासर हे कुरकुंभ. दोन्हीकडचा पंचायतीचा कारभार थोडाफार पाहण्यात आला, म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला असावा. विषय रुक्ष आहे खरा. पण नळाला पाणी किती वाजता सोडायचे हे जेथे ठरते ती जागा बायकांना रुक्ष वाटून कशी चालेल?

कोकणातले गाव आपल्या गावठाणासारखे एका जागी बसलेले नसते. एक वाडी खाडीकाठी, दुसरी डोंगराच्या कुशीत, तिसरी ओढ्यापलीकडे. त्यामुळे तिकडच्या पंचायतीचा निम्मा जीव पाखाड्या, साकव आणि विहिरी यांतच अडकलेला. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्याही वर; तरी तो उतारावरून समुद्राला मिळतो आणि चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आपल्याकडे पाऊसच थोडा, त्यांच्याकडे पडलेला राहत नाही. हंडा मात्र दोन्हीकडे बाईच्याच डोक्यावर!

रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला, गाव बायकांच्या हाती. तरी कारभार पुष्कळ वर्षे पुरुषांचाच. आमच्या वाडीचीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी विंधनविहीर मंजूर झाली आणि जागा ठरली खाली सडकेच्या कडेला, कारण यंत्राची गाडी वर चढत नव्हती. कारण खोटे नव्हते. पण पाण्याची चढण काही चुकली नाही. हे ठरले कोठे? ग्रामसभेत. पहिली सभा माणसे न जमल्यामुळे तहकूब झाली आणि दुसरीत पाचपंचवीस मंडळींनी ठराव करून टाकला. येथे कायदा नीट ध्यानात घ्या. ग्रामसभेला मतदारांचे शेकडा 15 किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तहकूब झालेल्या सभेला ही अट राहत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तर सभा थांबते असे नाही, ती आपल्यावाचून पुरी होते.

पुढच्या सभेला माझ्या वहिनी वाडीतल्या सगळ्या बायका घेऊन गेल्या. भांडल्या नाहीत. विहीर खालीच राहू द्या, पण मोटर बसवून पाणी वरच्या टाकीत चढवा, एवढेच त्यांनी लेखी मागितले. दोन वर्षे लागली, पण टाकी झाली.

आता थोडा इतिहास. आपल्या राज्याचा ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा लोकल बोर्डे जाऊन परिषदा आल्या. स्त्रियांना घटनादुरुस्तीने 1993 साली एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. पण राखीव जागांची वाट न पाहता शेजारच्या बारामती तालुक्यातील निंबूत गावाने 1963 सालीच सगळी पंचायत बायकांची निवडली होती. सरपंच होत्या कमलाबाई काकडे. ‘मग भाकऱ्या कोण थापणार?’ असे तेव्हा कोणी विचारले असेलच. ते विचारणारे अजूनही आहेत, क्वचित आपल्याच माजघरात!

आपल्या गावाचे दुखणे निराळे. फिरंगाईच्या डोंगराखाली रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. रोजगार आला, आणि वास व विहिरींच्या पाण्याबद्दलच्या तक्रारीही आल्या. येथे पंचायतीचे हात तोकडे आहेत हे प्रांजळपणे सांगते. कारखान्याच्या सांडपाण्यावर कारवाई करण्याचा अधिकार 1974 च्या कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. पण विहिरीचे पाणी तपासून अहवाल गावापुढे वाचावा असा ठराव ग्रामसभा करू शकते. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते. ठराव इतिवृत्तात राहतो.

शिवाय ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावयाची असते. पुष्कळ गावांत ती वहीतच उरकते. शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो, आपण पोळपाटावरून उठून सही करतो, आणि सभा झाली! पाणीपुरवठ्याच्या समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या समितीत कोण आहेत हे येथे बसलेल्या किती जणींना सांगता येईल? पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा 10 महिला व बालकल्याणासाठी खर्च व्हावयाचे असतात, त्याचाही हिशेब विचारता येतो.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीची महिलासभा खरोखरीची भरवू. वेळ दुपारी तीनची मागू. तेव्हा चूल थंड असते आणि मुले शाळेत. सही करण्यापूर्वी मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला सांगू. पाणी-तपासणीचा ठराव चिटणीसबाईंनी आधीच कागदावर लिहून आणावा. आणि ज्यांच्या घराच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर अद्याप एकट्या यजमानांचेच नाव आहे, त्यांनी त्याच दिवशी आपलेही नाव लावण्याचा अर्ज सोबत घ्यावा. अर्ज लिहून द्यायला मी दीड वाजल्यापासून देवळाच्या ओवरीत बसेन.