मेदाच्या कुप्या

सन २०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबें एका औषधासाठीं दुकानोदुकानीं हिंडत होतीं. कोविडच्या पाठोपाठ येणाऱ्या म्यूकरमायकोसिस या बुरशीच्या रोगावर अँफोटेरिसिन बी हें औषध गुणकारी; परंतु तें नुसतें दिलें तर मूत्रपिंडांना इजा करतें. तेंच मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत बसवून दिलें म्हणजे ही इजा पुष्कळ कमी होते. औषध तेंच, भेद केवळ कुपीचा. आणि तुटवडा पडला तो या कुपींतल्या औषधाचा.

ही कुपी बनते कशी? पेशींच्या आवरणांत असणाऱ्या कांहीं मेदांच्या रेणूचें एक टोक पाण्याला जवळ करतें, दुसरें पाण्यापासून दूर पळतें. पाण्यांत पडतांच हे रेणू आपण होऊन दुहेरी पापुद्र्यांत रचले जातात, व पापुद्रा मिटून पोकळ पुटिका तयार होते. मात्र चंबूंत ढवळून केलेल्या पुटिका लहानमोठ्या निघतात. फार मोठ्या पुटिका यकृत व प्लीहा रक्तांतून लवकर उचलून घेतात. म्हणून बारीक छिद्रांच्या पडद्यांतून त्या पुनःपुन्हा दाबून काढाव्या लागतात.

सन २००४ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं निराळा मार्ग दाखविला. अत्यंत अरुंद वाहिन्या कोरलेल्या तबकडींत मधून मद्यार्कांत विरघळलेला मेद सोडावयाचा आणि दोन्ही अंगांनीं पाणी. इतक्या अरुंद जागेंत भोवरे उठत नाहींत. प्रवाह एकत्र येऊनही शेजारीं शेजारीं वाहतात. दोन्हीकडील पाण्यामुळें मधला प्रवाह धाग्यासारखा बारीक होतो, मद्यार्क क्षणार्धांत पाण्यांत पसरतो, आणि विरघळून राहणें अशक्य झालेला मेद पुटिकांचें रूप घेतो. मद्यार्काच्या मानानें पाण्याचा ओघ वाढविला कीं पुटिका लहान होतात. म्हणजे आकार दैवावर न राहतां माणसाच्या हातीं येतो.

एका तबकडींतून निघणारा माल थोडाच, हें खरें. पण वाहिनी रुंद करून हा प्रश्न सुटत नाहीं. रुंदी वाढली कीं मिश्रणाची शिस्तच बदलते. वाहिनी तेवढीच ठेवून अशा अनेक वाहिन्या एकाच वेळीं चालवाव्या लागतात, व प्रत्येकींतील ओघ सारखा राखावा लागतो. अवघड काम तेंच. कुप्या भरपूर हव्यात, तशा त्या सारख्याही हव्यात. यांपैकीं एक गोष्ट साधून दुसरी हुकली, तर रुग्णाला औषध मिळालें असें म्हणतां येत नाहीं.